वेशीबाहेरचे राखणदार

आमच्या वस्तीच्या तोंडाशी नगरपालिकेचा दिव्याचा एक खांब होता. त्या खांबापर्यंत गाव होते, त्याच्या पुढे आम्ही होतो. खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी माझे बालपण गेले. तिथे रात्री अभ्यास करायचा म्हणजे पुस्तक घेऊन त्या शेवटच्या खांबाखाली बसायचे. दरवर्षी १३ एप्रिलला नगरपालिकेची माणसे शिडी घेऊन येत. खांबापासून आमच्या कमानीपर्यंत वायर ओढली जाई, दिवे लागत, गटाराच्या कडेने पांढरी पावडर टाकली जाई. आम्ही पोरे आनंदाने नाचत असू. १५ तारखेला तीच माणसे तीच शिडी घेऊन येत आणि सगळे उतरवून नेत. आजी ओट्यावर बसून पाहत असे. एकदा ती म्हणाली, “हाऊ दिवा आपलासाठे नही शे, भाऊ. मिरवणूकसाठे शे.”

तेव्हा तिच्या बोलण्याचे मला हसू आले होते. पुढे शिक्षक झालो, चळवळीत पडलो, इतिहास वाचू लागलो, आणि आजीने एका वाक्यात नगरपालिकेचा सगळा इतिहास सांगितला होता हे माझ्या ध्यानात आले. दिवा, रस्ता, पाणी, पुलाचा कठडा, आगीचा बंब, रात्रीची गस्त यांना आपण नागरी सुविधा म्हणतो. पण या सुविधांच्या मागे एक प्रश्न उभा असतो. नगर कोणाला आपले मानते? ज्याला ते आपले मानते त्याच्या दारी दिवा येतो. ज्याला मानत नाही त्याच्या दारी तो पाहुण्यासारखा एका रात्रीसाठी येतो. हा प्रश्न जळगाव-धुळ्याच्या, म्हणजे जुन्या खानदेशाच्या अनुभवातून तपासून पाहावा एवढाच या लेखाचा हेतू आहे.

०

सुरक्षितता ही कल्पना नगरपालिकेबरोबर आली असा एक समज आहे. तो खरा नाही. गावगाड्यातही सुरक्षिततेची व्यवस्था होती आणि ती कोणाच्या खांद्यावर होती हे सर्वांना ठाऊक आहे. वेसकर कोण होता? महार. तिन्हीसांजेला वेशीचा दरवाजा लावणे, रात्री जागणे, नव्या माणसाची खबर पाटलाला देणे, चोराचा माग काढणे, सरकारी वसूल ठाण्यावर पोचवणे, शिवेच्या तंट्यात साक्ष देणे ही सारी त्याची कामे. गावाची शीव कुठून कुठे जाते हे त्याच्याइतके कोणाला माहीत नसे. खानदेशात हेच राखणीचे काम भिल्लांकडेही होते. ज्या भिल्लांना इंग्रज सरकार लुटारू म्हणून जंगलात हुडकत होते, त्यांच्यातूनच औट्रम या अधिकाऱ्याने १८२५ साली भिल्ल पलटण उभी केली. तिचे ठाणे आजच्या जळगाव जिल्ह्यातील धरणगावला होते.

म्हणजे गावाची झोप ज्यांच्या जागरणावर उभी होती ते महार आणि भिल्ल. आणि त्यांची घरे कोठे? गावकुसाबाहेर! वेशीचा दरवाजा लागला की गाव आत सुरक्षित आणि राखणदाराची बायकापोरे बाहेर उघड्यावर. पेंढारी आले, वाघ आला, पूर आला तर त्याची पहिली गाठ त्यांच्याशी. राखणदाराला राखणीचा हक्क नाही, हा आपल्या समाजव्यवस्थेचा सर्वांत जुना नागरी कायदा आहे. तो कोणत्याही दप्तरात लिहिलेला नाही. म्हणूनच तो इतका टिकला.

या राखणीच्या मोबदल्याला वतन म्हणत. वतन या शब्दाला मोठा मान चिकटवलेला आहे. पण ते वतन म्हणजे बारा महिने चोवीस तास राबवून घेण्याचा परवाना होता. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच कारणाने. कनिष्ठ गावकी वतने कायद्याने खालसा व्हायला मात्र १ ऑगस्ट १९५९ उजाडावा लागला. तोपर्यंत आमच्यातल्या अनेक घरांतले कर्ते पुरुष दुसऱ्यांच्या दारांची राखण करीत म्हातारे होऊन गेले होते.

०

आता शहराकडे वळू. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने धुळे हे मुख्य ठाणे केले. बाहेरून व्यापारी आणि कारागीर आणून वसवले आणि सरळ रेषेत नवी पेठ आखली. धुळ्याच्या आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या आजही पाहणाराच्या डोळ्यांत भरतात. जळगावचे भाग्य कापसाने आणि रेल्वेने उघडले. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) तिकडचा कापूस अडला, इकडचा भाव चढला आणि जळगाव बाजारपेठ म्हणून पुढे आले. १८५०च्या कायद्याने गावोगावी नगरपालिका स्थापण्याची सोय झालेली होतीच. धुळ्याला १८६२ साली आणि जळगावला १८६४ साली नगरपालिका आली.

ही घटना लहान नव्हती. गावगाड्यात माणसाची ओळख जातीवरून होत असे. नगरपालिकेत ती निदान कागदावर तरी कर भरणारा रहिवासी अशी झाली. दिव्याला जात नसते, रस्त्याला जात नसते, अशी एक नवी भाषा आली. १८८२ साली लॉर्ड रिपनच्या ठरावाने स्थानिक स्वराज्याचे पाऊल आणखी पुढे पडले. परंतु हे ‘स्व’राज्य कोणाचे? मतदानाचा हक्क मालमत्तेवर आणि करावर बेतलेला. ज्याच्याकडे मालमत्ता नव्हती, किंबहुना मालमत्ता करण्याची ज्याला शतकानुशतके बंदी होती, त्याचा ‘स्व’ या राज्यात बसत नव्हता. पेठेतले व्यापारी, वकील, सावकार सभासद झाले. त्यांनी आपल्या पेठेत दिवे लावले, आपल्या रस्त्यावर खडी टाकली. त्यांत दुष्टपणा होता असे म्हणण्याचेही कारण नाही. माणूस आपल्या डोळ्यांसमोरचा अंधार दूर करतो. महारवाडा त्यांच्या डोळ्यांसमोर कधी नव्हताच.

महारवाड्याशी नगरपालिकेचा संबंध आला तो कामगार म्हणून. वेशीवरचा राखणदार शहरात आला तेव्हा त्याच्या हातात झाडू आणि डोक्यावर मैल्याची पाटी आली. पटकी आणि प्लेग यांपासून शहर वाचवायचे तर कोणीतरी घाण उपसली पाहिजे. ते काम भंगी, मेहतर आणि आपल्यातल्या इतर जातींकडे आले. नाव बदलले, वेतन रोख झाले, पण व्यवस्था तीच. शहराच्या आरोग्याची राखण ज्यांनी केली, त्यांची घरे शहराच्या सर्वांत अनारोग्य जागी.

०

४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना मोकळ्या असाव्यात, असा तो ठराव. अंमलबजावणी होईना म्हणून ५ ऑगस्ट १९२६ रोजी दुसरा ठराव झाला. जी नगरपालिका हे मानणार नाही तिचे सरकारी अनुदान रोखावे असे त्यात होते. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात राहिला आणि तळे तसेच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांचे अनुयायी तळ्याचे पाणी प्याले तेव्हा त्यांना झोडपण्यात आले. आणि नगरपालिकेने काय केले? ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, तिने आपला ठरावच मागे घेतला.

महाडने आपल्याला एक गोष्ट शिकवली. नगरपालिकेचा ठराव म्हणजे हक्क नव्हे. ठरावाला रस्त्यावर उतरवणारी माणसे लागतात, आणि रस्त्यावर उतरलेल्या माणसांना संरक्षण लागते. हे संरक्षण देण्याची वेळ येते तेव्हाच नगर आपले खरे रूप दाखवते.

याच काळातला खानदेशातला एक प्रसंग महाडइतका गाजला नाही; पण माझ्या मते तो आपल्या विषयाचा गाभा आहे. १९२९ साली बाबासाहेब अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून दौऱ्यावर होते. परतताना ते चाळीसगावला उतरले आणि धुळे फाट्यावरच्या एका गावी सवर्णांनी घातलेल्या बहिष्काराची माहिती घेऊन आले. चाळीसगावच्या महारांनी त्यांना रात्री मुक्कामाला राहण्याचा आग्रह केला होता. स्टेशनवर हार घातले गेले. पण महारवाड्याकडे कोणी निघेना. तासाभराने एक टांगा आला. टांगा दोनशे पावले गेला नसेल तोच एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. पोलिसाने मोठ्याने आरोळी दिली म्हणून मोटारवाल्याने गाडी मागे घेतली. पुढे नदीवरची फरशी आली. तिला भिंत नव्हती, कठडा नव्हता. काही काही अंतरावर नुसते दगड रोवलेले. तिथे घोडा उधळला, चाक दगडावर आपटले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि घोडा-गाडी खाली नदीत पडली. त्यांचा पाय मोडला.

कारण नंतर कळले. अस्पृश्य उतारू बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. बाबासाहेबांनी पायी यावे हे आपल्या माणसांना सहन होईना. शेवटी तडजोड झाली. टांगा भाड्याने मिळेल, पण हाकणारा तुमचा तुम्ही आणा. ज्याने कधी लगाम धरला नव्हता असा आपल्यातलाच एक जण हाकायला बसला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत बाबासाहेबांनी हे सर्व सांगितले आहे. आपल्या माणसांना त्यांनी तिथे दोषही दिला आहे. उतारूच्या प्रतिष्ठेपेक्षा त्याची सुरक्षितता मोठी, हे ती माणसे विसरली असे ते म्हणतात. आणि शेवटी ते टांगेवाल्याच्या जातीच्या अहंकारावर बोट ठेवतात, ज्याच्यापुढे बॅरिस्टरची पदवीही कुचकामी ठरली.

हा प्रसंग आपण बहुधा अस्पृश्यतेचा दाखला म्हणून वाचतो. मला तो नगररचनेचा दाखला म्हणूनही वाचावासा वाटतो. स्टेशनापासून दोनशे पावलांच्या आत पोलीस होता. महारवाड्याच्या तोंडाशी कठडाही नव्हता. एका टोकाला राज्याचा आवाज आहे आणि दुसऱ्या टोकाला चार दगड आहेत. चाळीसगावच्या आपल्या बांधवांनी प्रतिष्ठेसाठी सुरक्षितता पणाला लावली हे खरे. पण प्रतिष्ठा की सुरक्षितता यांतून एक निवडा, अशा पेचात त्यांना कोणी टाकले? पेठेतल्या शेटजीला हा पेच कधी पडला काय? तो टांग्यात बसला की त्याला दोन्ही एकाच भाड्यात मिळत होत्या. दलिताला मात्र एकीच्या बदल्यात दुसरी सोडावी लागते. ज्या नगरात कोणालाही हा सौदा करावा लागत नाही त्यालाच नगर म्हणावे, असे मी समजतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. आमची वस्ती आणि गाव यांच्यामध्ये नाला होता आणि त्यावर अशीच एक बिनकठड्याची फरशी होती. १९६० नंतरची गोष्ट. श्रावणातल्या एका संध्याकाळी माझी चुलतबहीण भरलेला हंडा घेऊन येत होती. अंधार होता, फरशीवर शेवाळ होते. ती खाली पडली. मांडीचे हाड मोडले आणि ती जन्माची लंगडी झाली. वडिलांनी अर्ज दिला. एक दिवा आणि एक कठडा, एवढीच मागणी. तीन महिन्यांनी उत्तर आले: सदर जागा हद्दीबाहेर असल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे. आमच्या घरपट्टीच्या पावत्या मात्र हद्दीतल्या होत्या! पुढे वीस वर्षांनी त्या फरशीचा पूल झाला, त्याला लोखंडी कठडा लागला. का? तर आमच्या वस्तीच्या पलीकडे प्लॉट पडले आणि तिथे बंगले झाले म्हणून.

०

आपल्या सार्वजनिक उत्सवांचा विचारही याच अंगाने केला पाहिजे. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब वकिलीच्या कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंग किल्ल्याच्या परिसरातल्या लांडोर बंगल्यात राहिले. त्या मुक्कामाची आठवण म्हणून दरवर्षी ३१ जुलैला तिथे भीमस्मृती यात्रा भरते. ज्या माणसाला आठ वर्षांपूर्वी याच खानदेशात टांगेवाला मिळत नव्हता, त्याच्या एका मुक्कामाची जागा लोकांनी आपल्या पायांनी यात्रेची केली. भरपावसात बाया डोक्यावर भाकरीचे गाठोडे आणि कडेवर लेकरू घेऊन तो घाट चढतात. हा उत्सव सरकारने दिलेला नाही. वाट निसरडी आहे म्हणून एकमेकांचा हात धरायचा, चुकलेल्या पोराला हाका घालून आईकडे द्यायचे, ही राखण लोक स्वतः करतात. वेसकराचे जुने कसब इथे प्रथमच आपल्या माणसांसाठी वापरले जाते.

पण मिरवणुकीला दुसरी बाजूही आहे. ७ मे १९७० रोजी भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीतून दंगल पेटली आणि दुसऱ्याच दिवशी ती जळगावात आली. जळगावात ४३ माणसे मेली. त्यांतली ४२ मुसलमान होती. भिवंडी, जळगाव आणि महाड या तिन्ही ठिकाणच्या दंगलींची चौकशी न्या. मादन आयोगाने केली. महाडचे नाव इथे पुन्हा यावे ही गोष्ट मला विसरता येत नाही. धुळ्यात ६ जानेवारी २०१३ रोजी दंगल झाली तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात ६ जण मेले. मोहल्ला आणि महारवाडा एकाच नकाशात एकाच पद्धतीने बाजूला काढलेले असतात. म्हणून आपल्या तरुणांना माझे सांगणे असते की शेजाऱ्याच्या भीतीवर आपली सुरक्षितता उभी करू नका. जो आज तुम्हाला दुसऱ्याच्या मोहल्ल्यावरून मिरवणूक न्यायला सांगतो, तोच उद्या तुमची मिरवणूक कोणत्या रस्त्याने जावी हे ठरवणार आहे.

०

मग काहीच बदलले नाही काय? असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. १९६५च्या महाराष्ट्र नगरपालिका अधिनियमाने रस्त्यावरचा दिवा, सफाई, आग विझवणे ही नगरपालिकेची बंधनकारक कर्तव्ये म्हणून मांडली. दलित वस्ती सुधार योजना आली. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळाल्या आणि आपल्या बाया नगरसेवक म्हणून सभागृहात बसल्या. २००३ साली जळगाव आणि धुळे या दोन्ही महानगरपालिका झाल्या. जळगावची पालिका तर सतरा मजली इमारतीतून कारभार करू लागली. २०२० साली राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पाट्या बदलल्या हे चांगले झाले. पण महारवाड्याचे भीमनगर झाले तरी नाला तिथूनच वाहतो. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर आणि डोंगरी या नद्यांचे पाणी चाळीसगावात शिरले. पूर जात पाहत नाही असे म्हणतात. पण नदीकाठी कोणाला वसवायचे हे जातीने कधीच ठरवून ठेवलेले असते.

आणि गटारात उतरणारा माणूस? हाताने मैला उपसण्यावर १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली अधिक कडक कायदा झाला. गटारात मेलेल्या कामगाराच्या वारसांना १० लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले आणि २०२३ साली ती रक्कम ३० लाख केली. मरणाची किंमत वाढली. मरण थांबवणे मात्र अजून पालिकांच्या अंदाजपत्रकाला जमलेले नाही. शहराचा हा शेवटचा राखणदार आजही वेशीबाहेरच आहे.

म्हणून केवळ निषेध करून भागणार नाही. आपल्या विद्यार्थ्यांनी एक साधे काम करावे. आपल्या गावच्या पालिकेच्या जुन्या सभांची इतिवृत्ते काढून पाहावीत. दिव्याचा पहिला खांब कुठे लागला, शेवटचा कुठे लागला, पाण्याचा नळ कोणत्या साली कोणत्या गल्लीत गेला, कोणाचा अर्ज हद्दीच्या कारणाने निकालात निघाला, याचे नकाशे करावेत. इतिहास म्हणजे केवळ लढायांच्या सनावळ्या नव्हेत. खांबांची जागा हाही इतिहास आहे. कार्यकर्त्यांनी प्रभागातल्या बायांना सोबत घेऊन रात्री वस्ती फिरावी आणि अंधार कुठे आहे हे त्यांनाच विचारावे, कारण त्या अंधारातून पाणी त्याच आणतात. निवडून आलेल्या आपल्या प्रतिनिधींना कमानी आणि फलक मागू नयेत. बारमाही दिवा, कठडा आणि गटारासाठी यंत्र मागावे, आणि दिलेल्या उत्तराची तारीख लिहून ठेवावी.

माझी चुलतबहीण आता म्हातारी झाली आहे. जयंतीला ती काठी टेकीत कमानीपर्यंत येते, दिव्यांकडे पाहते आणि मला दरवर्षी एकच प्रश्न विचारते, “परवा राहतील का रे हे?” त्याचे उत्तर नगराने द्यायचे आहे. आपली मागणी एवढीच, की दिवा १५ एप्रिललाही पाहिजे.